तक्रार वहीतला 'शेरा' रकाना रिकामा का? हॉस्टेल प्रशासनाला एक खुलं पत्र

आदरणीय प्राचार्य, रेक्टर मॅडम आणि हॉस्टेल कमिटीवरच्या सगळ्या सर-मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी तिसरं वर्ष ह्याच हॉस्टेलमध्ये राहतेय. पत्र लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं पण परवा रात्री जे वाचलं त्यानंतर राहवलं नाही म्हणून लिहितेय. ऑफिसच्या खिडकीशेजारी दोरीने बांधलेली तक्रार वही आहे ना, ती मी मेस आटोपल्यावर तिथेच उभं राहून पहिल्या पानापासून वाचली. चार रकाने आहेत, तारीख, रूम नंबर, तक्रार आणि शेरा. एका पानावर कोणीतरी लिहिलंय "दुसरा मजला, डावीकडचा नळ गळतोय", मग दोन पानं सोडून त्याच अक्षरात "नळ अजून गळतोय", आणि त्याच्याही पुढे नुसतंच "नळ. प्लीज." त्या मुलीने त्यानंतर वहीत काही लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. शेऱ्याचा रकाना जवळजवळ सगळा कोरा आहे, मधूनच कुठेतरी "कळवले" असं लिहिलंय. कोणाला कळवलं, कधी, पुढे काय झालं, काहीच नाही.

मला जे सांगायचंय ते इतकंच की आम्ही वहीत जे लिहितो ती कुरकुर नसते, ती माहिती असते. ह्या बिल्डिंगमध्ये रात्री आम्हीच झोपतो, पहाटे नळाला पाणी किती वाजता जातं ते आम्हाला माहीत असतं, कुठल्या बाथरूमची कडी लागत नाही, कुठल्या स्विचला हात लावला की झिणझिण्या येतात हे आम्हालाच कळतं. हे दुसऱ्या कोणाला कळायचा मार्गच नाही. आणि तरी ती माहिती वहीत जाऊन पडते आणि तिथेच राहते.

आता पाण्याचंच घ्या. गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये एकापाठोपाठ एक मुली आजारी पडायला लागल्या, पोट बिघडणं, उलट्या, ताप. पहिला राग अर्थातच मेसवर निघाला. मेसच्या मावशींना मुली काय काय बोलल्या ते आठवलं की आजही वाईट वाटतं, कारण मेसमध्ये तर सगळ्याच विंगच्या मुली जेवतात आणि आजारी मात्र बहुतेक आमच्याच पडत होत्या. मग आम्ही दोघी-तिघींनी एका मोठ्या कागदावर मजल्यांचा नकाशा काढला, प्रत्येक रूम म्हणजे एक चौकोन, आणि कोणी आजारी पडलं की त्या चौकोनात लाल पेनाने ठिपका. दहा-बारा दिवसांत कागदाची एक बाजू लाल झाली आणि दुसरी बाजू जवळपास कोरी. ज्या बाजूला ठिपके होते त्या बाजूच्या कूलरला पाणी वेगळ्या टाकीतून येतं, हे आम्हाला प्लंबर काकांना विचारल्यावर कळलं.

ही आयडिया आमची नाही, पब्लिक हेल्थ शिकणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असते. १८५४ मध्ये लंडनला कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो ह्यांनी कुठल्या घरात कोण गेलं, ते लोक पाणी कुठलं प्यायचे हे दारोदार फिरून विचारलं, आणि मृत्यू नकाशावर मांडले तर ते ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाभोवती दाटलेले दिसले. त्या पंपाचं हँडल काढलं गेलं. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा सगळ्यांनी मान्यही केलेलं नव्हतं, पण कोण कुठे राहतं आणि कुठलं पाणी पितं एवढं नीट विचारलं तर उत्तर मिळतं हे त्यांनी दाखवून दिलं.

आम्ही वॉचमन काकांसोबत टेरेसवर गेलो. टाकीचं झाकण अर्धवट सरकलेलं, त्याच्यावर एक वीट ठेवलेली, आत मोबाईलचा टॉर्च मारला तर कडेने हिरवट शेवाळ आणि तळाशी गाळाचा इतका जाड थर की टॉर्चच्या उजेडात तळ दिसतच नव्हता. टाकी शेवटची कधी धुतली ह्याची तारीख कुठेही लिहिलेली नाही. आम्ही फोटो काढून ऑफिसला दाखवले आणि पहिला प्रश्न आला तो "टेरेसवर जायला परवानगी कोणी दिली" हा. मॅडम, त्या प्रश्नाने जेवढं लागलं तेवढं आजारपणानेही लागलं नव्हतं. टाकी नंतर धुतली गेली, त्याबद्दल खरंच आभार, आणि पुढच्या पंधरा दिवसांत आमच्या कागदावर नवीन ठिपका पडला नाही. ह्यावरून टाकीच दोषी होती असं छातीठोक म्हणता येणार नाही हे मला कळतं, कारण पाण्याची टेस्ट कोणी केलीच नाही. पण तेच तर म्हणणं आहे, टेस्ट करा. नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघायचं साधं किट मिळतं, पाण्यात थेंब टाकायचे किंवा गोळी विरघळवायची आणि रंग ताडून बघायचा, दोन मिनिटांचं काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की क्लोरीन टाकून किमान ३० मिनिटं झाल्यावर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम तरी शिल्लक असावं आणि नळापर्यंत पोचताना ०.२ च्या खाली जाऊ नये. आठवड्यातून एकदा हा आकडा कूलरवर खडूने लिहिला तरी आम्हाला पुरे. लिहायचं काम आम्ही करू.

पाण्याचीच अजून एक गोष्ट आहे जी सुटी सुटी बघितली की लक्षात येत नाही. पाणी वेळेवर येत नाही म्हणून आम्ही बादल्या भरून ठेवतो, प्रत्येक रूममध्ये दोन-तीन, सुट्टीत घरी जाताना सुद्धा भरलेल्या तशाच राहतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास नेमका अशाच साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि पाणी नसलं तरी कित्येक महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, बादली घासावी लागते. हे आमचं काम आहे, मान्य. पण पाण्याची वेळ पक्की झाली तर निम्म्या बादल्या भराव्याच लागणार नाहीत. फॉगिंगचा धूर एक दिवस येतो आणि उडणारे डास मारतो, बादलीतल्या अळ्या तशाच राहतात, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा ऑलआऊट शोधत फिरतो.

आता ढेकूण. हा विषय काढताना मुली आवाज खाली करतात म्हणून मी मुद्दाम सविस्तर लिहिणार आहे.

परीक्षेच्या आदल्या रात्री अडीचच्या सुमारास माझी रूममेट कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर बसून होती, मांडीवर नोट्स, पण वाचत नव्हती, नुसती हात खाजवत होती. मी विचारलं तर म्हणाली ताई तू झोप, मला झोप येत नाहीये. ती पहिल्या वर्षाची आहे. हातावर आणि मानेवर एका रांगेत लाल गांध्या. आम्ही तिची गादी बाहेर ओढली, लाईट लावला आणि शिवण उलटी करून बघितली. कडेकडेने पेनाची शाई झटकल्यासारखे बारीक काळे ठिपके, आणि जिथे कापड दुमडतं तिथे ते चपटे तपकिरी, एकाला चिकटून एक. ती रडायला लागली आणि म्हणाली "ताई, मी रोज अंघोळ करते, चादर दर आठवड्याला धुते, प्लीज कोणाला सांगू नकोस." ती गादी तिला हॉस्टेलनेच दिली होती, तिच्या आधी ती कोणाची होती आणि मधल्या सुट्टीत तपासली होती का हे कोणालाच माहीत नाही.

नंतर नोटीस लागली, "विद्यार्थिनींनी स्वच्छता राखावी, अन्यथा ढेकूण होतात". मॅडम, हे बरोबर नाही हो. ढेकूण घाणीवर जगत नाही, तो फक्त रक्तावर जगतो, त्यामुळे चकाचक रूममध्येही तो तितकाच सुखात राहतो. तो येतो बॅगेतून, कपड्यांतून, जुन्या गाद्यांतून आणि फर्निचरमधून. अशा नोटिशीने होतं काय, तर ज्या मुलीच्या रूममध्ये ते असतात ती गप्प बसते, महिनाभर लपवते, आणि तोपर्यंत ते भिंतीच्या फटीतून आणि स्विचबोर्डच्या पाईपमधून शेजारच्या दोन रूममध्ये पोचलेले असतात. लाज वाटायला लावणं हा ढेकणांना मदत करायचा सगळ्यात चांगला मार्ग आहे.

फवारणी झाली, पण एकदाच आणि तेवढ्या एकाच रूममध्ये. अंड्यांवर बहुतेक औषधांचा फारसा असर होत नाही, आणि अंडी ६ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा, कधी कधी तिसऱ्यांदाही करावं लागतं, आणि दोन्ही बाजूच्या आणि वरखालच्या रूमही बघाव्या लागतात. मोठा ढेकूण काही न खाता कित्येक महिने राहू शकतो, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत रूम रिकामी ठेवली की मरतील ह्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. उलट ५० अंशांच्या वर तापमान गेलं की तो आणि त्याची अंडी दोन्ही मरतात, म्हणून चादरी-कपडे ६० अंशाच्या गरम पाण्यात धुवायची सोय पाहिजे. एक वॉशिंग मशीन, गरम पाण्याचं, पूर्ण हॉस्टेलला. आणि वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक गादी उजेडात उलटी करून बघून मगच द्यायची. खरजेचंही तसंच आहे, पहिल्यांदा होते तेव्हा खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, तोपर्यंत ती रूममेटला लागलेली असते, म्हणून औषध सगळ्या रूमने एकाच वेळी लावायचं असतं. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मोकळेपणाने सांगितलं तर कोणाला कॉरिडॉरमध्ये बसून रडावं लागणार नाही.

रूमबद्दल एवढंच, दोघींच्या रूममध्ये तिसरी कॉट टाकलीय ती खिडकीला लागून आहे, त्यामुळे खिडकीचं एक दार उघडतच नाही. एकीला सर्दी-ताप आला की आठवड्याभरात तिघींना येतो. टीबी किंवा फ्लू बंद खोलीतल्या हवेतून पसरतो हे आम्हाला शाळेपासून शिकवलंय. कॉट हलवायला जागा नसेल तर निदान खिडकी बाहेरच्या बाजूला उघडेल अशी करून द्या.

मागच्या महिन्यात रूम चेकिंगमध्ये हीटिंग रॉड जप्त झाले आणि दंड बसला. रॉड धोकादायक आहे ह्यात मला काहीच वाद घालायचा नाही. साधा रॉड १००० ते १५०० वॅटचा असतो, तो आपण अशा एक्स्टेन्शन बोर्डला लावतो ज्याला आधीच इस्त्री आणि लॅपटॉप जोडलेले असतात, आणि वायरमधला करंट दुप्पट झाला की तिच्यातली उष्णता चौपट होते. प्लग जिथे ढिला असतो तिथे आधी वास येतो, मग प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं. आमच्या मजल्यावरच्या दोन प्लगचा रंग तसा झालाय, वहीत लिहिलंय, शेरा नाही. पण मुली रॉड का आणतात हेही विचारा ना. गीझर चार, त्यातले दोन बंद, आणि आठच्या लेक्चरला जाणाऱ्या मुलींची रांग सहापासून. रॉड नेले, चांगलं केलं, पण गीझर दुरुस्त झाला नाही म्हणून पुढच्या आठवड्यात नवे रॉड आले, फक्त आता ते कपाटात लपवलेले असतात आणि घाईघाईत, ओल्या हाताने, दार बंद करून वापरले जातात. हे आधीपेक्षा जास्त धोक्याचं आहे आणि मला ह्याची खरंच भीती वाटते.

भीती वाटते त्याचं कारण मागचा जिना. त्या जिन्याच्या खालच्या दाराला साखळी आणि कुलूप आहे, आणि दारासमोर मोडक्या कॉट रचून ठेवल्यात. कारण सांगितलं जातं की मुली रात्री बाहेर जाऊ नयेत आणि बाहेरचं कोणी आत येऊ नये. काळजी समजते. पण १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट फॅक्टरीला आग लागली तेव्हा कामगार मुली ज्या जिन्याकडे धावल्या त्याचं दार कुलूपबंद होतं, चोरी होऊ नये आणि मधेच कोणी बाहेर पडू नये म्हणून दारं बंद ठेवली जायची, आणि त्या आगीत १४६ जण गेले, त्यातल्या बहुतेक तरुण मुली होत्या, आमच्याच वयाच्या आणि आमच्याहून लहान. त्यानंतर तिथले कायदे बदलले. आतून ढकललं की उघडतं आणि बाहेरून उघडत नाही असं दार मिळतं, उघडलं की अलार्म वाजेल असंही करता येतं. म्हणजे तुमची काळजीही राहील आणि आमचा जीवही. कॉट मात्र आजच हलवा, त्याला टेंडर लागत नाही. लागलं तर आम्ही वीस जणी उचलायला येतो.

रात्री कोणी आजारी पडलं तर काय करायचं हेही कुठे लिहिलेलं नाही. एकदा मध्यरात्रीनंतर एका मुलीला घेऊन आम्ही गेटवर उभ्या होतो, तिला दम लागत होता, आणि काका म्हणत होते वॉर्डन मॅडमची सही हवी, मॅडमचा फोन लागत नव्हता. काकांची चूक नाही, त्यांना नियम तसाच सांगितलाय. गेटवर एक कागद लावा, आजारी असेल तर आधी गेट उघडायचं आणि सही नंतर, आणि खाली दोन फोन नंबर, एक लागला नाही तर दुसरा.

मेसबद्दल मी फार लिहिणार नाही, चवीचं प्रत्येकीचं वेगळं असतं आणि शेकडो जणींचा स्वयंपाक करणं सोपं नाही. फक्त एक. प्रॅक्टिकल असलेल्या मुली तीन वाजता जेवायला येतात आणि बाराला शिजलेलं जेवण तोपर्यंत उघड्या पातेल्यात असतं. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये आणि वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम ठेवावं हे आरोग्य संघटनेच्या अन्नसुरक्षेच्या पाच सूत्रांतलंच आहे. प्रॅक्टिकलचं टाइमटेबल कॉलेजकडे असतंच, ते मेसला दिलं की मावशी थोडा स्वयंपाक उशिरा करू शकतील. मी त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या "मला कोणी सांगितलंच नाही गं बाई."

आणि हे पत्र वाचणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठीही. बेसिनमध्ये केस आणि उष्टं टाकणं, पॅड फ्लश करणं, नळ सोडून निघून जाणं हे रेक्टर मॅडम येऊन करत नाहीत. तिसऱ्या मजल्याचं ड्रेनेज तुंबलं तेव्हा आत काय निघालं ते ज्या सफाई करणाऱ्या ताईंना हाताने काढावं लागलं त्यांच्याकडे मला बघवत नव्हतं. प्रत्येक बाथरूममध्ये झाकणाचा डबा मागूया, तो हक्काने मागूया, आणि मिळाला की वापरूया.

रेक्टर मॅडम, तुमच्याबद्दल मनात राग नाही. एवढ्या मुली आणि तुम्ही एकट्या, वर तुमची लेक्चर्स, आणि साधा नळ बदलायचा तरी फाईल वर जाऊन सही होऊन यावी लागते हे आता मला कळलंय. म्हणूनच हे पत्र तुम्हाला एकटीला नाही तर प्राचार्यांना आणि कमिटीलाही आहे. छोट्या दुरुस्त्यांचे पैसे मॅडमच्या हातात द्या, नळ, कडी, बल्ब, प्लग ह्यासाठी फाईल फिरवू नका. कमिटीच्या मीटिंगला प्रत्येक मजल्यावरची एक मुलगी बोलवा, तीही मुलींनी निवडलेली. आणि शेऱ्याच्या रकान्यात "कळवले" च्या ऐवजी तीन गोष्टी लिहा, कोणाकडे दिलं, कोणत्या तारखेपर्यंत होईल, आणि होणार नसेल तर का नाही. "पैसे नाहीत, मार्चनंतर बघू" असं लिहिलं तरी चालेल, खरंच चालेल, निदान ती नळवाली मुलगी तिसऱ्यांदा प्लीज लिहिणार नाही.

येत्या रविवारी सकाळी दहाला आम्ही काही जणी प्लंबर काकांबरोबर दोन्ही टाक्या बघायला जायचं म्हणतोय, ह्या वेळी परवानगी मागूनच. अर्ज ऑफिसला दिलाय. क्लोरीनचं किट आम्ही वर्गणी काढून आणलंय आणि तो लाल ठिपक्यांचा कागदही सोबत आणू. मॅडम, तुम्ही आणि कमिटीतलं कोणीही एक जण आमच्याबरोबर वर आलात तर आम्हाला फार बरं वाटेल.

आपली,
तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, दुसरा मजला
(माझ्याबरोबर ह्या पत्रावर सह्या केलेल्या मुलींचा कागद वेगळा जोडला आहे)